फटीतली शीळ

बाहुल्या करणारी माणसं म्हणे आधी डोळे करतात. डोळे लागले की बाहुली बघते, आणि बघायला लागली की जगते. धाकटी मात्र आधी दात करायची.

तिचाही इलाज नव्हता. तिची हयात कवळ्या करण्यात गेली होती. थोरला भाऊ दातांचा डॉक्टर. तो पुढच्या खोलीत बसून लोकांना "आ करा" म्हणायचा, आणि मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लांब टेबलाशी, धाकटी तो "आ" साच्यात घेऊन बसायची. साच्यात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणाची हिरडी बसवायची, मेणात एकेक दात रोवायचा, रोपं लावावीत तसा. डोक्यावर रुपेरी केस दिसायला लागले तरी दवाखान्यात तिला सगळे धाकटीच म्हणत. दादा म्हणे, वहिनी म्हणे, औषधांची खोकी आणणारा माणूसही म्हणे. धाकटं असणं हा तिचा हुद्दाच होता म्हणा ना.

साचा हातात आला की तिला त्या तोंडामागचा उरलेला माणूस दिसायला लागायचा. हे तोंड भांडकुदळ, पण आतून लोणी. ह्या तोंडानं जन्मभर दुसऱ्यांची गुपितं चघळली. आणि ह्या बिचाऱ्यानं बोलायचं ते सगळं गिळलं, म्हणून दाढा झिजल्या.

पुढे पेशंटांची नावं पुकारणारी वहिनी मधूनच दारातून डोकावायची. "कोणाशी बोलतेस गं?"

"तोंडाशी."

"तोंडाला कान असतात होय?"

"नसतात, म्हणून तर बोलता येतं, वहिनी."

अशा बोलण्याबोलण्यातून बाहुल्या झाल्या. उरलंसुरलं प्लास्टर, कागदाचा लगदा, जुन्या पडद्यांचे झगे. साचे सगळे माणसांचे, त्यामुळे बाहुलीचं तोंडही माणसाएवढं. आणि तोंडाला शोभायला हवं म्हणून डोकं भोपळ्याएवढं. आत हात घालून जबडा हलवला की दातावर दात आपटायचे, खट् खट्, आणि बाहुली जे काही बोलायची ते ऐकून दवाखान्यात रडणारी मुलं गप्प व्हायची. मुलांच्या आया मग विचारायच्या, "आमच्याकडे येईल का हो ही बाहुली?" बाहुली जायची. एका घरून दुसऱ्या घरी, दुसऱ्या घरून शाळेत. आणि धाकटी परत येऊन टेबलाशी बसली की मेणातले दात तिच्याकडे बघून म्हणायचे, आम्हीही येऊ का?

एका संध्याकाळी, दादा हात धूत असताना, तिनं त्याच्या पाठीला सांगून टाकलं. पाठीला सांगणं सोपं असतं.

"दादा, मी काम सोडते."

"घे की रजा. किती दिवस?"

"रजा नाही मागत. सोडते."

दादा ओल्या हातांनीच वळला. "आणि करणार काय?"

"बाहुल्या."

"त्या आताही करतेस. माझ्या प्लास्टरमध्ये."

"आता फक्त त्याच करायच्या. खेळ करायचे. गावोगाव."

दादानं टॉवेल घेतला, एकेक बोट पुसलं. पेशंटला वाईट बातमी देण्याआधी तो असंच करायचा. "हे बघ, माणसाचे दात गेले तर त्याचं जेवण अडतं. बाहुली नसली तर कोणाचं काय अडतं?"

"माझं," धाकटी म्हणाली.

वहिनीनं कपाळाला हात लावला. "अगं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं हे वय का? गुडघे कुरकुरतात तुझे!"

"गुडघे माझे, वहिनी. बाहुलीचे नाहीत. बाहुलीला पायच नाहीत."

दादा भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे बघत राहिला. तो कठोर नव्हता. पण आई-वडील गेल्यापासून ह्या बहिणीला आपण सांभाळलं असं तो समजत होता, आणि तिनं आपल्याला सांभाळलं असं ती समजत होती. दोघांनी कधी हे बोलून दाखवलं नव्हतं म्हणून दोघांचं बरं चाललं होतं.

"एक खेळ कर," शेवटी तो म्हणाला. "घरातला नाही. वाचनालयाच्या सभागृहात, मोठ्या माणसांसमोर. मुलं काय, कशालाही हसतात. मोठी माणसं हसली तर जा. मी अडवणार नाही. नाही हसली, तर पुन्हा ह्याच खुर्चीत, आणि परत बाहुल्यांचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," धाकटी म्हणाली. बोलून चुकलेला शब्द आणि पडलेला दात, दोन्ही परत लागत नाहीत.

त्याच सुमारास मोठ्या बाई कवळी करायला आल्या.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी त्या दारातून आत आल्या की बसलेले पेशंट उठून उभे राहायचे. सुजलेला गाल धरून का होईना, उभे राहायचे. दादा त्यांचा विद्यार्थी, धाकटीही. खुर्चीत बसल्याबसल्या बाईंनी बजावलं, "प्रार्थनेच्या रांगेसारखे दात हवेत. कोणी पुढे नको, कोणी मागे नको. आणि मध्ये फट तर मुळीच नको. कळलं?"

"हो बाई," दादा म्हणाला. हातात सुई असूनही तो बाईंना भीत होता.

मागच्या खोलीत साचा आला. धाकटीनं त्यावरून अंगठा फिरवला आणि तिला एक दुपार आठवली. चौथीचा वर्ग. खिडकीतून एक माकड आत आलं होतं, बाईंच्या टेबलावर बसलं होतं आणि बाईंचा चष्मा लावून समोर उघडं असलेलं पुस्तक उलटं धरून वाचायला लागलं होतं. वर्ग श्वास रोखून बसलेला. आणि बाई हसल्या. कधी नव्हे त्या खळखळून हसल्या, आणि समोरच्या दोन दातांमध्ये ही एवढी फट दिसली! लगेच बाईंनी तोंडावर हात धरला. तो हात त्यांनी पुढे जन्मभर खाली घेतला नाही. हसू आलं की आधी हात यायचा, मग हसू आतल्या आत विरायचं. पण धाकटीनं ती फट बघितली होती. तिला तेव्हा वाटलं होतं, बाईंच्या आत कोणीतरी राहतं आणि ही फट म्हणजे त्याचं दार आहे.

तिनं सांगितल्याप्रमाणे कवळी केली. सरळ, शिस्तीची, रांगेतली. आणि मग त्याच साच्यावर, चोरून, दुसरी केली. समोर फट असलेली.

ही दुसरी होती म्हातारीसाठी. म्हातारी म्हणजे नवी बाहुली, खेळाची नायिका. जबडा बाईंच्याच साच्यावरून केला, म्हणजे कवळी चपखल बसणार. सगळा खेळ त्या फटीवर उभा होता. गोष्ट अशी, की म्हातारी फटीतून शीळ घालते. तिच्या शिळेनं कोंबडे जागे होतात, रुसलेल्या सुना हसतात, हरवलेल्या गाई परत येतात. धाकटीनं तोंडात एक पत्र्याची शिट्टी धरून ती शीळ बसवली होती. आणि शिळेआधी म्हातारी गायची:

दोन दातांच्या गं मधी फट ठेवली देवानं,
शीळ घालाया बाईला वाट दिली गं वाऱ्यानं.

आता दादाला कळू नये म्हणून धाकटीनं काय केलं, तर दोन्ही कवळ्या पाण्याच्या एकसारख्या डब्यांत ठेवल्या आणि दोन्ही झाकणांवर एकच चिठ्ठी चिकटवली: मोठ्या बाई. दादानं फळीवर बघितलं तर त्याला वाटावं, एक कवळी आणि एक जादा. कोणती कोणाची हे आपल्याला झाकण उघडलं की कळतंच, असा तिचा हिशोब. स्वतःचाच हात असला की माणूस असल्या चुका निर्धास्तपणे करतो.

खेळाच्या दिवशी सकाळपासून ती सभागृहात पडदा टांगत होती. दुपारी मोठ्या बाई दवाखान्यात आल्या. वहिनीनं फळीवरची पुढची डबी उचलली, चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या हातात दिली. दादा त्या वेळी कोणाची तरी दाढ काढत होता, आणि दाढही इरेला पेटली होती. "घरी जाऊन निवांत लावते," बाई म्हणाल्या. चारचौघांत तोंड उघडायची त्यांना सवयच नव्हती.

संध्याकाळी धाकटीनं दवाखान्यात धावती फेरी मारून उरलेली डबी पिशवीत टाकली. उघडून बघितली नाही. ह्यालाही कारण होतं. तिचा एक नेम होता: पडदा उघडायच्या आधी क्षणभर, पडद्यामागच्या अंधारात, हातानं चाचपून बाहुलीला दात बसवायचे. दात बसले की बाहुली बोलायला लागते. आधीच बसवले तर ती बोलून बोलून खेळाआधीच दमेल, असं तिचं म्हणणं.

सभागृह अर्धं भरलं. वाचनालयातले वर्तमानपत्रवाले आजोबा, दोन-तीन शिक्षक, दवाखान्याचे पेशंट, आणि चहाची सोय आहे असं कोणीतरी उठवल्यामुळे आलेले काही जण. दादा मधल्या रांगेत, हाताची घडी घालून. शेजारी वहिनी. तिनं येताना दादाला दटावलं होतं, "हसू आलं तर दाबू नका हं. अन्याय होईल."

"आणि नाही आलं तर?"

"तर मी चिमटा काढीन."

पडद्यामागे दिवे मालवले गेले. धाकटीनं डबी उघडली, पाणी निथळवलं, म्हातारीच्या जबड्यात कवळी बसवली आणि सवयीनं समोरच्या दातांवरून अंगठा फिरवला.

फट नव्हती.

पुन्हा फिरवला. दात गुळगुळीत, सरळ, एकमेकांना खेटून. प्रार्थनेच्या रांगेसारखे. फट नव्हती.

धाकटीच्या पायांखालचा रंगमंच सरकला. फट इथे नाही, म्हणजे ती कुठे आहे? तिनं पडद्याच्या भोकाला डोळा लावला. पुढच्याच रांगेत, अगदी मध्यावर, मोठ्या बाई बसल्या होत्या. ताठ. तोंड घट्ट मिटलेलं. त्यावर हात.

मेले, धाकटी मनात म्हणाली. बाई शिक्षा करायला आल्या आहेत.

आता काय करावं? खेळ रद्द करावा? मग सोमवारी ती खुर्ची, ती खिडकी, ते मेण. तिला तिथलं काहीच नावडतं नव्हतं, तिथलं सगळं तिच्या हातचं होतं. म्हणूनच तिथे परत गेली असती तर पुन्हा कधी बाहेर पडली नसती. पलीकडे कोणीतरी खोकलं. खुर्च्या कुरकुरल्या. धाकटीनं पत्र्याची शिट्टी तोंडातून काढली, खिशात टाकली, आणि पडद्याची दोरी ओढली.

म्हातारी वर आली. भोपळ्याएवढं डोकं, कापसाचा अंबाडा. तिनं तोंड उघडलं आणि दिव्याच्या उजेडात दातांची रांग लखलखली. खट्. मिटलं. पुन्हा उघडलं. खट्.

"अगं बाई," म्हातारी म्हणाली. "हे कोणाचे दात?"

तिनं जबडा दिव्याकडे वळवला.

"माझे नव्हेत. इतके शहाणे दात माझे असूच शकत नाहीत. बघा तरी! एकही वाकडा नाही. एवढे शिस्तीत उभे आहेत की मला जेवायलाच भीती वाटते. घास तोंडात घातला तर विचारतील, उशीर का झाला?"

मागे कोणीतरी फुसकन हसलं. वर्तमानपत्रवाल्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"माझ्या दातांत फट होती हो. ही एवढी. त्या फटीतून मी शीळ घालायची. आता बघा." म्हातारीनं मान मागे टाकली, छाती भरून श्वास घेतला. फुस्स. पुन्हा घेतला. फुस्स्स. "बघितलंत? टायर पंक्चर झाला."

आता हसू इकडून तिकडे पळायला लागलं होतं, पण अजून पायांपायांतून, दबकत. वहिनीनं दादाला चिमटा काढला. दादा म्हणाला, "आई गं," पण हसला नाही.

पुढचं धाकटीला ठाऊक नव्हतं. पुढची गोष्ट तिनं लिहिलेली नव्हतीच, ती समोर पहिल्या रांगेत तोंड मिटून बसली होती. म्हातारीनं सावकाश खाली वाकून रांगेरांगेतल्या तोंडांकडे बघितलं.

"खरं सांगा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकाएकी मऊ झाला. "तुमच्यापैकी कोणाकडे चुकून माझी शीळ आली आहे का? आली असेल तर परत नको. फक्त एकदा ऐकवा. शिळेवाचून कोंबडे झोपून राहिलेत हो माझे."

मग मोठ्या बाई उठल्या.

त्या उठल्या तसे मागचे दोघे-तिघे सवयीनं उठून उभे राहिले. बाईंनी सभागृहावर नजर फिरवली, शाळेच्या पटांगणावर फिरवायच्या तशी. आणि तोंडावरचा हात खाली घेतला.

शीळ आली. आधी चिमणीएवढी, मग साळुंकीएवढी, मग अशी लांब, उंच, वळणं घेत जाणारी, की छतावरचा पंखाही थांबून ऐकतोय असं वाटावं. ती संपली, आणि बाईंनी ओठ मिटायच्या आधीच सगळ्यांनी बघितलं: समोरच्या दोन दातांत ही एवढी फट!

"अगं चोरटे!" म्हातारी किंचाळली.

आणि सभागृह फुटलं. आजोबांचं वर्तमानपत्र खाली पडलं. उभं राहिलेल्यांपैकी एक जण खुर्ची समजून शेजाऱ्याच्या मांडीवर बसला. आणि मोठ्या बाई, हात खाली ठेवून, चौथीतल्या त्या दुपारच्यासारख्या खळखळून हसत होत्या. पुढचा खेळ झाला तो त्या दोघींचाच. म्हातारी प्रश्न विचारायची, बाई शीळ घालून उत्तर द्यायच्या. गाई परत आल्या. सुना हसल्या. कोंबडा कोणीतरी मागच्या रांगेतून आरवला, न सांगता.

खेळ संपल्यावर दादा पडद्यामागे आला. तोंड गंभीर होतं. धाकटी म्हातारीला पोटाशी धरून उभी.

"लोक हसले," ती म्हणाली.

"हसले. पण ते बाहुलीला नाही हसले. बाईंना हसले. तांत्रिकदृष्ट्या..."

"कोण म्हणतं?" मागून आवाज आला आणि दादा आपोआप सरळ उभा राहिला. मोठ्या बाई आत आल्या होत्या. "मला हसायची कोणाची छाती आहे? तुझी आहे?"

"नाही बाई."

"आणि तुम्ही सांगा ना," वहिनी म्हणाली. "शर्टाचं बटण कशानं तुटलं तुमचं? मी शोधतेय खुर्चीखाली."

दादानं पोटावर हात ठेवला. बटण खरंच नव्हतं.

धाकटी बाईंसमोर गेली. "बाई, माझी चूक झाली. तुमची कवळी ही, रांगेतली. धुऊन देते. ती दुसरी..."

"ती दुसरी माझी आहे," बाई म्हणाल्या. "दुपारी घरी लावली आणि आरशात बघून रागानं लाल झाले. तुझे कान उपटायला निघाले होते. चपला घालताना नुसती फू केली, तर शीळ वाजली. लहानपणी आवळ्याच्या झाडावर बसून घालायचे तशी. मग काय, चपला घालायला तासभर लागला." त्यांनी जिभेचं टोक फटीशी नेऊन आणलं. "ही तुझी रांगेतली राहू दे म्हातारीपाशी. कुठे शोकसभेला जायचं असलं तर मागून नेईन."

त्या गेल्या. जाताना जिन्यावरून शीळ ऐकू येत राहिली.

दादा म्हातारीकडे वळला. मग त्यानं बोट घालून तिचा जबडा उघडला, उजेडाकडे वळवला. "हे दात हिला शोभत नाहीत," तो म्हणाला.

"नाहीच शोभत."

"सोमवारी ये."

धाकटीचा चेहरा उतरला. "म्हणजे..."

"कामाला नाही. हिला घेऊन ये. रीतसर माप घेऊ. दात मी करतो." तो थोडा घुटमळला. "मेणातलं काम मला तुझ्याइतकं जमत नाही. फट जरा तिरकी येईल."

सोमवारी दवाखान्यात बाकावर धाकटी बसली, मांडीवर म्हातारी. आयुष्यात पहिल्यांदाच ती दाराच्या ह्या बाजूला बसली होती आणि पाय कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. खिडकीखालचं टेबल उघड्या दारातून दिसत होतं. त्याच्याशी कोणीच बसलेलं नव्हतं. वहिनीनं पेशंटांची नावं पुकारली, आणि शेवटी, आवाज हलू न देता, "म्हातारी!" असंही पुकारलं. बाकावरचे बाकीचे पेशंट सरकून बसले.

दादानं म्हातारीला मोठ्या खुर्चीत बसवलं, गळ्याशी रुमाल बांधला, दिवा ओढला. "आ करा," तो म्हणाला.

म्हातारीनं आ केला नाही. "डॉक्टर, दुखेल का हो?" तिनं विचारलं.

आजवर हजारो तोंडांना दादानं एकच उत्तर दिलं होतं: छे, मुळीच नाही. तेच आता ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"थोडं दुखेल," तो म्हणाला. "सुरुवातीला सगळं परकं वाटतं. शब्द अडखळतात. घास कुठला कुठे जातो. रात्री वाटतं, उगाच केलं. मग एक दिवस आपण काय घातलंय हेच विसरायला होतं." त्यानं तिच्या गळ्याशी रुमाल नीट केला. "आणि सलायला लागलं तर यायचं. लाजायचं नाही. घासून देऊ."

"मग चालेल," म्हातारी म्हणाली.

तेव्हा दादाच्या लक्षात आलं की आपण हे सगळं भोपळ्याएवढ्या एका डोक्याकडे बघून बोललो, आणि खुर्चीमागे उभी असलेली, म्हातारीच्या मानेत कोपरापर्यंत हात घातलेली धाकटी तोंडावर दुसरा हात धरून उभी आहे. 

"हात खाली घे," तो म्हणाला. "बघू तरी."

म्हातारीनं आ केला. धाकटीनंही.